संततीची इच्छा आणि योग्य डॉक्टरांची निवड
(मंडळाच्या ढोकी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृह, लग्नातील अनाठायी खर्च अशा विषयांचा ऊहापोह दरवर्षी होतच असतो. आज आम्ही जो विषय मांडणार आहोत, तो मात्र माजघराचा उंबरठा सहसा ओलांडत नाही. सुनेची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, वजन वाढते, हनुवटीवर लव दिसू लागते आणि लग्नाला दोन वर्षे होऊनही पाळणा हलत नाही. मग घरात कुजबुज सुरू होते. नवससायास होतात, अंगारे-धुपारे होतात, आणि या सर्वांत जी वर्षे खर्ची पडतात ती परत येत नाहीत. म्हणून या स्थितीत कोणत्या डॉक्टरांकडे जावे व त्यांची पारख कशी करावी, एवढेच सांगण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम विकाराविषयी. यास बोलण्यात पीसीओडी आणि वैद्यकात पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, असे म्हणतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थाल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांचे निरीक्षण करून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सोनोग्राफीत ज्या 'गाठी' दिसतात त्या वस्तुतः गाठी नव्हेत. पूर्ण पक्व न झालेल्या स्त्रीबीजांचे ते बारीक कोश होत. त्या शब्दाने भयभीत होण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील शंभरांपैकी दहा ते तेरा स्त्रियांना हा विकार असतो, आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांना आपल्याला तो आहे हे ठाऊकही नसते. सारांश, ही कोणा एका घराची अपकीर्ती नव्हे. या विकारात स्त्रीबीज दरमहा वेळेवर बाहेर पडत नाही, म्हणून गर्भ राहण्यास विलंब लागतो; परंतु विलंब म्हणजे वंध्यत्व नव्हे. योग्य उपचारांनी यांतील बहुसंख्य स्त्रिया माता होतात.

मग डॉक्टरांकडे केव्हा जावे? सर्वसाधारण जोडप्याने एक वर्ष, आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिने वाट पाहावी, असा दंडक आहे. परंतु जिची पाळी मुळातच अनियमित आहे तिने थांबू नये. संततीचा विचार मनात येताच जावे.

कोणाकडे जावे? ढोकी हे लातूर-बार्शी रस्त्यावरचे गाव. येथून धाराशिव, बार्शी, लातूर, सोलापूर या चारही गावी जाता येते, आणि त्या प्रत्येक ठिकाणी पाट्यांना तोटा नाही. धाराशिव, लातूर व सोलापूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत व तेथे स्त्रीरोग विभाग आहे. खाजगी डॉक्टरांकडे जावयाचे तर त्यांनी एम.बी.बी.एस. नंतर स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे काय, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा त्यांचा नोंदणी क्रमांक कोणता, हे पाहावे. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. आपण बियाण्याची पिशवीसुद्धा वाचूनच घेतो.

तथापि पदवी ही पहिली पायरी झाली. डॉक्टरांची खरी पारख त्यांच्या प्रश्नांवरून होते. पाळीचा इतिहास, पूर्वीचे गर्भपात, माहेरच्या घरातील मधुमेह, चालू असलेली औषधे, यांची चौकशी न करता जे लगेच कागद लिहावयास घेतात त्यांच्याविषयी सावध असावे. थायरॉईड व प्रोलॅक्टिन यांच्या दोषांनीही पाळी चुकते, म्हणून त्या तपासण्या करून मगच निदान पक्के करावयाचे असते. गर्भ राहण्यापूर्वी रक्तातील साखर आणि रक्तदाब पाहणेही अगत्याचे आहे, कारण या विकारात गरोदरपणी मधुमेह व रक्तदाब वाढण्याचा धोका इतरांहून अधिक असतो. शक्य तर बाळंतपणापर्यंत आपल्याकडे लक्ष ठेवतील असेच डॉक्टर निवडावेत.

एक गोष्ट भगिनींनी अवश्य ध्यानात ठेवावी. पाळी नियमित करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या पुष्कळदा गर्भनिरोधकच असतात. तेव्हा 'पाळी बिघडली आहे' एवढेच न सांगता 'आम्हांस मूल हवे आहे' हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

आता बंधूंना सांगावयाचे ते. जे डॉक्टर पतीस बरोबर बोलावतात आणि प्रारंभीच त्याची वीर्यतपासणी करावयास सांगतात, ते योग्य मार्गाने चालले आहेत असे समजावे. ही तपासणी सोपी व अल्प खर्चाची आहे. ती टाळून एकट्या सुनेस वर्षानुवर्षे औषधे पाजणे हा अन्याय आहे, आणि पैशाचा अपव्ययही.

उपचारांचा एक क्रम आहे. प्रथम आहार, व्यायाम व वजन. स्थूल स्त्रीचे वजन शंभरास पाच इतके उतरले तरी पाळी सुधारू शकते. त्याबरोबर गर्भ राहण्याआधीपासूनच फॉलिक ॲसिड. त्यानंतर स्त्रीबीज पक्व होण्याच्या गोळ्या. यांत लेट्रोझोल हे औषध आज प्रथम पसंतीचे मानले जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ७५० स्त्रियांवरील अमेरिकन अभ्यासात या औषधाने शंभरांपैकी सुमारे २७ स्त्रियांना, तर जुन्या क्लोमिफीनने १९ स्त्रियांना मूल झाले. आपल्या देशात २०११ साली वंध्यत्वावरील उपचारात लेट्रोझोल वापरण्यास बंदी झाली होती. ती २०१७ साली उठली. अर्थात ही गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घ्यावयाची नव्हे. सोनोग्राफीने बीजाची वाढ पाहत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती घ्यावयाची असते.

टेस्ट ट्यूब बेबीचा उपाय या क्रमात बहुधा शेवटी येतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बाळ जन्मास आले, तेव्हापासून या शास्त्राने मोठी मजल मारली आहे. परंतु पतीची तपासणी नाही, साध्या गोळ्यांचा प्रयत्न नाही, आणि पहिल्याच भेटीत लाखाचा आकडा सांगितला जातो, तेथे कारण विचारावे. अशा केंद्रांना २०२१ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे, प्रमाणपत्र पाहावे. यशाची खात्री देणाऱ्या जाहिरातीवर जाऊ नये, कारण अशी खात्री कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही.

आणि शस्त्रक्रियेची घाई तर मुळीच नको. ढोकीची ओळखच तेरणा साखर कारखान्याशी जोडलेली आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांचे कष्ट येथे कोणास सांगावयास नकोत. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. आपल्या भागात ही पिशवी किती सहज काढली जाते, याचा तो दाखलाच होय. म्हणून पिशवी वा बीजकोश काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून संमतिपत्रावर सही करू नये. सारे कागद क्रमवार एका पिशवीत जपून ठेवावेत, म्हणजे डॉक्टर बदलले तरी तपासण्यांचा खर्च दुबार होणार नाही.

शेवटी मंडळाविषयी. आपल्याकडे स्थळे जुळविली जातात. मुलीस हा विकार आहे एवढ्यावरून स्थळ मोडू नये, आणि मुलीकडच्यांनीही तो दडवू नये. उघडपणे सांगितलेल्या गोष्टीवर वेळीच उपचार होतात. मूल होत नाही म्हणून सुनेस माहेरी धाडण्याची वा दुसऱ्या लग्नाची भाषा ज्या घरात निघेल, तेथे मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी जाऊन एकच प्रश्न विचारावा : दोघांची तपासणी झाली काय? या प्रश्नाचे उत्तर जोवर 'होय' असे येत नाही, तोवर त्या घराला सुनेविषयी अवाक्षर काढण्याचा अधिकार नाही. तपासणी झाल्यावरही तिला दोष देण्याचा अधिकार उरत नाहीच, कारण व्याधी हा अपराध नव्हे.