दुबईतली कंपनी आणि दादांची तीन एकर
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही डिप्लोमा झालेले सरकारी नोकर. परदेशातल्या कंपनीवर आम्ही काय बोलणार, असे कोणालाही वाटेल. पण दोन वर्षांपासून आमच्या घरात हाच विषय चालू आहे. आमचा पुतण्या दुबईत एसी दुरुस्तीचे काम करतो. त्याला आता स्वतःची कंपनी काढायची आहे आणि त्यासाठी दादा तीन एकर कापसाची जमीन विकायला निघाले आहेत.

आपल्या आदिलाबाद-निर्मलकडची पोरे आखातात गेली ती बहुतेक मजुरीला. विदर्भातले धनंजय दातार १९८४ साली वडिलांच्या किराणा दुकानात मदतीला दुबईला गेले आणि पुढे त्यांनी 'अल अदिल' उभी केली, पण असे थोडेच. तिथल्या १९८४च्याच कायद्याने मुक्त क्षेत्राबाहेरच्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाचा लागे. मग कागदावर एक आणि तोंडी दुसरेच, असे व्यवहार होत. आमच्या ओळखीच्या एका घराने अशाच तोंडी बोलीवर पैसे घातले. भागीदार फिरला, आणि यांच्या हातात साधी पावतीही नव्हती.

१ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत परदेशी माणसाला १०० टक्के मालकी मिळते. व्यापारी नाव, प्राथमिक मंजुरी, कंपनीचा करारनामा, जागेचा भाडेकरार आणि मग परवाना. परवान्याचे नूतनीकरण दरवर्षी. हे सगळे तिथे पुतण्या करील.

आमचा घोळ इकडचा आहे. पुतण्याने तिथे कमावलेले पैसे तिथेच घातले, तर रिझर्व्ह बँकेचा प्रश्न येत नाही. दादांनी इथून पाठवले, तर आधी ठरवावे लागते की हे बक्षीस की गुंतवणूक? बक्षीस दिले, की कंपनी पूर्णपणे पुतण्याची. मग धाकट्या मुलाचे आणि मुलीचे काय? जमीन तर तिघांची समजली जाते. वहिनींनी हा प्रश्न विचारला तेव्हा घरात कोणी बोलेना.

गुंतवणूक म्हटली, तर शेअर दादांच्या नावावर हवेत. पैसे बँकेतूनच जातात. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. त्यासाठी बँक कर्ज देत नाही. फॉर्म एफसी भरून बँकेमार्फत क्रमांक मिळाला, की मगच पैसे सुटतात. शेअरचा पुरावा सहा महिन्यांत बँकेत द्यायचा, आणि कंपनीत दहा टक्के किंवा जास्त हिस्सा असेल तर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल. वर्षाला दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधी कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तेवढी रोकड वेगळी काढून ठेवावी लागते. विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवायची राहिली, तर दंड दहा लाखांपर्यंत जातो. घरखर्चाच्या नावाने पाठवून तिथे भागीदारी घ्यायची ही युक्ती आम्हालाही कोणीतरी सुचवली होती. तसे करू नका.

दादा म्हणाले, "तूही भागीदार हो." सेवानियमांप्रमाणे शासनाच्या परवानगीशिवाय आम्हाला धंदा करता येत नाही, हे त्यांना तीनदा सांगावे लागले.

सध्या कापूस शेतात उभा आहे. पुतण्या दिवाळीला येणार आहे. तो आल्यावर तिन्ही भावंडांना समोर बसवून, शेअर दादांच्या नावावर घ्यायचे की नाही, हे आधी लिहून घ्यायचे ठरले आहे. जमिनीला गिऱ्हाईक त्यानंतर.