नव्या डिस्कवर जुना संगणक



शिक्षक बोलावयास उभा राहिला की आता उपदेश ऐकावा लागणार, अशी आपली समजूत असते. आज मी उपदेश करणार नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे.

आमच्या शाळेच्या कार्यालयातील संगणक फार संथ झाला होता. सुरू करून चहा पिऊन यावे, तरी पडदा तयार नसे. त्याची फिरती हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसवली तर तोच संगणक आणखी काही वर्षे काम देईल, असे मी व्यवस्थापक मंडळाला सांगितले. मंडळाने विश्वासाने पैसे मंजूर केले.

मी जुन्या डिस्कची नक्कल, म्हणजे क्लोन, नव्या डिस्कवर उतरवली. निकालपत्रके, दाखल्यांच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, सारे तिच्यावर दिसत होते. मग ती संगणकात बसवून कळ दाबली. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली : सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. मुख्याध्यापक शेजारीच उभे होते. दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, “सर, मशीन जुनं झालंय, नवीनच घ्या.”

इकडे जुनी डिस्क पुसून दुसरीकडे वापरावी, असा माझा बेत होता. संगणक कक्षात मदत करणारी नववीतली एक मुलगी म्हणाली, “सर, नवीन चालू होईपर्यंत जुनी पुसू नका ना.” मी थांबलो. पुसली असती, तर शाळेचे सारे दप्तर एकाच, तेही सुरू न होणाऱ्या डिस्कवर उरले असते. मग तिच्यावर खटपट करताना एक चुकीची आज्ञाही पुरली असती.

आता चूक कोठे झाली ते पाहू. कळ दाबल्याबरोबर विंडोज सुरू होत नाही. आधी संगणकाच्या मुख्य पाटीवरील एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. पूर्वी त्याला बायॉस म्हणत. आजच्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. हा प्रोग्रॅम डिस्कवरील एका लहानशा, सुमारे १०० मेगाबाइटच्या भागात जातो, तेथून सुरुवातीच्या फाइली उचलतो, आणि त्या फाइली विंडोजला हाक मारतात. हा भाग एरवी आपल्या डोळ्यांस दिसत नाही. मी फक्त ‘सी’ हा भाग उतरवला होता. म्हणजे घरातले सामान नव्या घरी आणले, पण किल्ली जुन्या घरीच विसरलो! जुनी डिस्क परत लावून संपूर्ण डिस्कची नक्कल केली, तेव्हा काम झाले.

आपल्या घरी हा प्रसंग आला, तर या क्रमाने पाहावे.

पहिली गोष्ट, नव्या डिस्कवरून प्रथम सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. क्लोनमध्ये ओळखीची खूणही तीच उतरू शकते, आणि दोन्ही डिस्क एकत्र असल्या की संगणकाचा गोंधळ उडतो.

दुसरी, सुरू होताना एफ२ किंवा डिलीट कळ दाबून सेटिंगमध्ये जावे. कळ कंपनीप्रमाणे बदलते. नवी डिस्क तेथे दिसते का, आणि क्रमात पहिली आहे का, हे पाहावे. दिसतच नसेल, तर आधी वायर व बैठक तपासावी.

तिसरी, जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कला ‘लेगसी’ सेटिंग लागते. जीपीटी पद्धतीच्या डिस्कवरून विंडोज सुरू होण्यास यूईएफआय लागते. जुनी डिस्क ज्या सेटिंगवर चालत होती, तीच क्लोनसाठी ठेवावी.

चौथी, तो लहान भाग उतरला असूनही सुरुवातीच्या फाइली बिघडल्या असतील, तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीच्या पडद्यावर जाऊन बीसीडीबूट या आज्ञेने त्या पुन्हा तयार करता येतात. मात्र तेथे ‘सी’चे अक्षर बदललेले असू शकते, ते पाहिल्याखेरीज आज्ञा देऊ नये.

पाचवी, डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर लिहून ठेवावी.

पालकहो, “नवीनच घ्या” हा सल्ला कधी खरा असतो, कधी केवळ सोपा असतो. हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी वरील पाच गोष्टी विचारून पाहा. मुलीची फी आणि नवे यंत्र यांत निवड करण्याची वेळ ज्या घरात येते, तेथे हे पाच प्रश्न फार मोलाचे आहेत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, शिक्षक चुकत असेल तर त्या मुलीप्रमाणे अदबीने पण वेळेवर बोला. तिने मला टोकले नसते, तर हे भाषण झाले नसते.

आमचा संगणक आता चहा येण्यापूर्वी तयार असतो. जुनी डिस्क मात्र अजून कपाटात, कागदात गुंडाळून ठेवली आहे. तिच्यावर तारीख त्याच मुलीच्या अक्षरात आहे.