उंदराला लागू पडलेली गोळी

मोतीबिंदू म्हटला, की काय करायचे हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक असते. पण कधीकधी मोतीबिंदू निघतो, आणि तरीही ओळी वाकड्याच दिसतात. समोरच्याचा चेहरा मधोमध पुसट होतो, कडेचे मात्र स्वच्छ दिसते. हा दोष डोळ्याच्या पडद्यावरील मधल्या ठिपक्याचा, म्हणजे पीतबिंदूचा असू शकतो. पन्नाशीनंतर काहींचा पीतबिंदू झिजू लागतो.

ह्यावर इंजेक्शने आहेत. पण ती थेट डोळ्यात, आणि पुन्हापुन्हा घ्यावी लागतात. त्यापेक्षा पाण्याबरोबर एक गोळी घेऊन भागले, तर कोणाला नको आहे? अशी गोळी शोधणारे शास्त्रज्ञ ती आधी उंदरांना देतात. औषध अन्नातून, नाहीतर बारीक नळीने पोटात जाते. तसल्याच दुसऱ्या उंदरांना ते देत नाहीत. मग भूल देऊन, बुबुळाला तार टेकवून, उजेडाला पडदा किती प्रतिसाद देतो ते मोजतात. शेवटी पडद्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

एमिक्सुस्टॅट ह्या औषधाची गोष्ट पाहा. आपल्या पडद्यात 'अ' जीवनसत्त्वाचे एक रहाटगाडगे अखंड चालू असते. उजेडाने त्याचे रूप पालटते, आणि मागच्या थरात जाऊन ते पुन्हा ताजे होऊन येते. ह्या फेऱ्यांत थोडा गाळ साचतो. गाडगे मंद केले तर गाळ कमी साचेल, असा तर्क होता. उंदरांत तो खरा ठरला! मग ५०० हून अधिक रुग्णांवर दोन वर्षे चाचणी झाली. २०१६ साली निकाल लागला: औषध नसलेल्या हुबेहूब गोळीपेक्षा झीज काही कमी झाली नव्हती. उलट, अंधारात नजर सरावायला वेळ लागतो, अशी पुष्कळांची तक्रार होती.

असे का व्हावे? अहो, उंदराला पीतबिंदूच नसतो! तो रात्री हिंडणारा प्राणी. आयुष्य दोन-तीन वर्षांचे. माकडाला पीतबिंदू असतो, पण ते म्हातारे व्हायला वीसेक वर्षे थांबावे लागते. म्हणून उंदरावरची चाचणी फुकट, असे मात्र नव्हे. औषध पडद्यापर्यंत पोचते का, अपाय करते का, हे तिथेच कळते. उंदीर 'पुढे जा' एवढेच सांगतो. 'रोग बरा झाला' असे सांगत नाही.

तेव्हा नव्या गोळीची बातमी वाचलीत, तर एवढे विचारा: माणसांवर पाहिले का? किती जणांवर, किती काळ? अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने क आणि ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन व जस्त ह्यांची गोळी माणसांवरच तपासली. मध्यम अवस्थेतला रोग बळावण्याचा धोका तिने सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो, असे २००१ साली दिसले. बीटा-कॅरोटीन विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना घातक, म्हणून २०१३ नंतर त्याजागी ल्यूटीन व झियाझँथिन आले. ही गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आणि एक घरगुती परीक्षा. चौकटीच्या वहीचा कागद समोर धरा, चष्मा असेल तर लावा, एकेक डोळा झाकून पाहा. रेषा वाकड्या किंवा तुटक दिसल्या, तर गोळीची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात नेत्रवैद्य गाठा.