ताण वाढला, तर घरात बोला



पाऊस लांबला, दुबार पेरणीची वेळ आली, तर पिकासाठी काय करावे हे आम्ही नेहमी सांगतो. आज घरातल्या माणसांविषयी सांगतो.

सोयाबीन-कपाशीला बियाणे, खते व औषधांचा खर्च जून-जुलैत होतो. पैसा दसरा-दिवाळीच्या पुढे हाती येतो. मधल्या चार महिन्यांत ताण वाढतो. पुष्कळ घरांत कर्जाचा आकडा एकट्या कर्त्या पुरुषालाच ठाऊक असतो. तसे ठेवू नये. सोसायटी, बँक, कृषी सेवा केंद्राची उधारी व हातउसने एका वहीत लिहावे. महिन्यातून एकदा घरधनीण व जाणत्या मुलांपुढे हिशेब मांडावा. कोणता खर्च पुढे ढकलता येईल, हे चौघांत बसल्यावर लवकर सुचते.

झोप उडणे, जेवण तुटणे, चिडचिड, दारू वाढणे, शेताकडे न फिरकणे ही लक्षणे दोन आठवडे टिकली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. यात कमीपणा नाही. उपचाराने गुण येतो. २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. मराठीतही बोलता येते.

कोणी जगणे नको झाल्याचे बोलले, तर हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये. कीटकनाशके राहत्या घराबाहेर कुलपात ठेवावीत व किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्यावी. विष पोटात गेल्यास उलटी करवू नये. औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

बुडालेला हंगाम पुढच्या वर्षी भरून काढता येतो. त्यासाठी माणूस घरात हवा.