पक्षाच्या दाराबाहेर कोण राहिले?

कामगारांच्या नावाने जो पक्ष उभा राहतो त्याची परीक्षा कोणत्या मापाने करावी? त्याच्या ग्रंथांवरून, पुढाऱ्यांच्या वक्तृत्वावरून, की त्याने मिळविलेल्या सत्तेवरून? रशिया आणि मुंबई येथील इतिहास शेजारी ठेवून पाहिला, तर चौथेच माप हाती येते.

रशियातील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची पहिली बैठक १८९८ साली मिन्स्क शहरी भरली, तेव्हा तीस अवघे नऊ प्रतिनिधी हजर होते. १९०३ साली पक्षात फूट पडली. लेनिन यांचा तट बोल्शेविक म्हणजे बहुमतवाला, व दुसरा मेन्शेविक म्हणजे अल्पमतवाला ठरला. या मूठभर मंडळीस बळ आले ते केवळ ग्रंथांतून नव्हे. १९०५ च्या जानेवारीत झारकडे गाऱ्हाणे घेऊन निघालेल्या सेंट पीटर्सबर्गच्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी कामगारांनी कारखान्यांतून प्रतिनिधी निवडून ‘सोव्हिएत’, म्हणजे आपली पंचायत, उभारली. पुढे महायुद्धाने भाकरी महाग केली. १९१७ च्या मार्चमध्ये राजधानीतील कापड गिरण्यांच्या स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या आणि आठवडाभरात झारने राज्यत्याग केला. नंतरच्या हंगामी सरकारास ना युद्ध थांबविता आले, ना जमिनीचा प्रश्न सोडविता आला. बोल्शेविकांनी मात्र शांतता, जमीन आणि भाकरी ही तीनच अक्षरे घोकली आणि ७ नोव्हेंबर रोजी सत्ता हस्तगत केली.

मुंबईस हे वारे केवळ रशियातूनच आले, असे समजणे बरोबर नाही. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्या संपाची दखल दूर युरोपात लेनिन यांनी आपल्या लेखात घेतली. रशियातील क्रांतीस तेव्हा नऊ वर्षांचा अवकाश होता!

१९२१ साली श्रीपाद अमृत डांगे या तरुणाने गांधी व लेनिन यांची तुलना करणारे पुस्तक लिहिले, आणि पुढल्या वर्षी ‘सोशालिस्ट’ हे पत्र काढले. १९२४ साली कानपूरच्या खटल्यात त्यांस चार वर्षांची सजा झाली. पण हा विचार चाळीचाळीत पोहोचला तो १९२८ च्या संपात. विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, अशी नवी पद्धत मालकांनी आणली. कामगारांना कपातीची व बेकारीची धास्ती पडली. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले. मवाळ वृत्तीचे ना. म. जोशी आणि लाल बावट्याचे पुढारी एकाच संप समितीत बसले. गिरणी कामगार युनियनचे सभासद वर्षअखेर पन्नास हजारांवर गेले. सरकार धास्तावले. २० मार्च १९२९ रोजी धरपकड होऊन मीरत येथे खटला उभा राहिला व तो १९३३ पर्यंत चालला.

आता त्या मापाकडे वळू. गिरणीतील विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, परंतु तेथे अस्पृश्य कामगारांस मज्जाव होता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब सांगितली जाई. आणि ही सबब मालकांची नव्हे, सहकारी कामगारांची होती. ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावी, असा आग्रह डॉ. आंबेडकरांनी धरला. संप संपला, बंदी मात्र संपली नाही. ज्या ध्वजाखाली सारे एक, त्याखालीही काहींना एक खाते बंदच राहिले. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन एक दिवसाचा संप घडविला. दार थोडे तरी किलकिले झाले.

रशियात दार उलट्या दिशेने फिरले. जानेवारी १९१८ मध्ये लोकनियुक्त संविधानसभा एका बैठकीनंतर मोडण्यात आली, कारण तीत बोल्शेविकांस बहुमत नव्हते. १९२१ साली क्रॉनस्टाटच्या खलाशांनी सोव्हिएतच्या मोकळ्या निवडणुका मागितल्या. एके काळी क्रांतीस साथ देणारे हे बंदर, पण त्यांच्यावर सैन्य धाडण्यात आले. १९९१ च्या डिसेंबरात ते राज्यच विरघळले.

गोंदियाच्या माणसास याचे महत्त्व विशेष वाटावे. १९९९ साली भंडाऱ्यातून निराळा झालेला हा जिल्हा विडीधंद्यासाठी प्रसिद्ध होता. गिरणीचा भोंगा हजारोंना एका फाटकाशी आणी, पण विडीचे सूप ज्याच्या त्याच्या ओसरीवर! बाई घरी बसून तेंदूपत्त्यात तंबाखू भरी. सट्टेदार विड्या मोजून घेई, आणि काही ‘छाट’ म्हणून बाजूस टाकी. त्यांची मजुरी बुडे. अशा विखुरलेल्या स्त्रीने कोणत्या फाटकाशी उभे राहावे? घरी विडी वळणारीसही कामगार मानणारा कायदा झाला तो १९६६ साली, म्हणजे मुंबईच्या त्या मोठ्या संपानंतर अडतीस वर्षांनी.

म्हणून उद्या कोणीही कामगारांच्या नावाने ध्वज घेऊन दाराशी आला, तर त्यास एवढेच विचारावे: आत घेतलेल्यांची यादी वाचलीत, आता बाहेर राहिलेल्यांची वाचा.