दुसऱ्या वर्षाचं काम



माझ्या जुन्या शाळेच्या निमंत्रणपत्रात ‘करिअर मार्गदर्शन करावे’ असं लिहिलं आहे. मी ते करणार आहे, पण या मैदानात पाय ठेवल्यापासून मन थाऱ्यावर नाही. आज जिथे रंगमंच उभा आहे, तिथे आमच्या वेळी वाफे होते. शनिवारी सकाळी कार्यानुभवाचा तास असायचा. विज्ञानाच्या बाई प्रत्येक गटाला एकेक वाफा द्यायच्या. मेथी लावा, मुळा लावा, तुमची मर्जी. पेरणीच्या दिवशी सगळा वर्ग हजर असायचा. मग दिवाळीची सुट्टी लागायची. सुट्टीनंतर शाळा भरली की बाई वही घेऊन वाफ्यांवर यायच्या आणि तेव्हा गुण द्यायच्या. पेरणीला एकही गुण नव्हता. वाफा कोणी राखला, तण कोणी काढलं, एवढंच त्या बघायच्या. शिपाईमामा सुट्टीतही फाटक उघडून ठेवायचे, कारण बाईंनी त्यांना तसं सांगितलेलं असायचं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, मी आज जे सांगणार आहे ते तुमच्या त्या वहीतूनच आलं आहे.

या मैदानातून उत्तरेला गाविलगडचे डोंगर दिसतात. त्यांच्या पलीकडे मेळघाटात आमची टोळी रायमुनिया काढते. मूळचं अमेरिका खंडातलं हे झुडूप इंग्रजांनी 19 व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आणलं. बागेतून ते रानात गेलं. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी 40 टक्क्यांहून जास्त क्षेत्रात ते पसरलं आहे. पाखरं फळं खातात आणि बी दूरवर टाकतात. जनावरं पाला खात नाहीत. खाल्लाच तर यकृत बिघडतं. जाळीखाली ऊन पोचत नाही म्हणून गवत उगवत नाही, आणि गवत नसेल तर सांबर, गवा तिथे थांबत नाही. मग वाघाने तरी तिथे कशासाठी राहावं?

काढायची रीत थोडक्यात सांगते. कोयत्याने वरून छाटलं तर चार जागी फूट येते, जाळलं तरी येते, कारण ती खोड आणि मूळ यांच्या जोडातून येते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात जी पद्धत बसवली, तीच आम्ही वापरतो. त्या जोडाच्या खाली, जमिनीत दोन-तीन बोटं, कुदळीने मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे. फांदी ओल्या मातीला टेकली की तिला पुन्हा मुळं सुटतात. काटे बारीक आणि वाकडे असतात. आमच्यातल्या कोरकू बाया हाताला जाड फडकं गुंडाळून ओढतात, तरी संध्याकाळी मनगटं ओरखडलेली असतात.

पण इथे काम सुरू होतं, संपत नाही. पहिल्या वर्षी मोकळं झालेलं रान बघायला सगळे येतात, फोटो काढतात. दुसऱ्या पावसाळ्यात तिथे कोणी येत नाही, आणि खरी गरज तेव्हाच असते. आमच्या टोळीत एक म्हातारी आजी आहे. ती थेट मोठ्या झाडांखाली जाऊन बसते, कारण पाखरं वर बसतात आणि बी खाली पडतं. तिथे नखाएवढ्या पानांची रोपं दाट उगवलेली असतात. ती एक पान चुरगळते, वास घेते, ओळख पटली की दोन बोटांनी रोप मुळासकट उपटते, आणि बसल्या बसल्या पुढे सरकते. न सांगता, न थकता. ते रोप त्या वर्षी दोन बोटांनी निघतं. तीन वर्षांनी त्यालाच कुदळ लागते. हे दोन-तीन पावसाळे सांभाळले की तिथे पवना, मारवेल, कुसळी ही आपली गवतं परत धरतात.

मुलांनो, मार्गदर्शन म्हणून माझ्याकडे एवढं एकच आहे: जिथे एकदा हात लावला तिथे परत जा. तुमच्या वयात नवं सुरू करणाऱ्याचं फार कौतुक होतं. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली की इंटरमीजिएटचं नाव निघत नाही. हार्मोनियम घरात येते, वर्षाने तिच्यावर कपड्यांच्या घड्या रचल्या जातात. झाड लावलं, पाणी कोणी घालायचं? परत जा. आवडत नसेल तरी एकदा परत जा, आणि मग ठरवा. पुढे कुठलंही क्षेत्र निवडा, डॉक्टर व्हा, दुकान टाका, शेती करा. तुमच्या पेशंटला, गिऱ्हाइकाला, बांधाला तुम्ही दुसऱ्या वर्षीही तिथेच दिसला पाहिजेत.

आणि हे मी फक्त मुलांना सांगत नाही. समोर देणगीदार मंडळी बसली आहेत. तुमच्यामुळे शाळेला भिंती मिळाल्या, मी ऋणी आहे. पण इमारतीच्या उद्घाटनाएवढीच तिच्या दुरुस्तीलाही देणगी द्या. आमच्या कामातही पहिल्या वर्षाची मजुरी सहज मिळते, तिसऱ्या वर्षाची मागताना जीव मेटाकुटीला येतो. त्या आजीची मजुरी तिसऱ्या वर्षीच्या पैशातून निघते. पालकांनो, तुमची मुलगी मातीचे हात घेऊन घरी आली तर रागावू नका. मागे बसलेल्या कोरकू पालकांनो, तुमच्या घरातल्या बायांना रानातलं जे कळतं ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही; ते मुलांना शिकवा, शाळेने तुम्हाला बोलवावं असं मी मुख्याध्यापिका बाईंना सुचवते.

आणखी एक. मघाशी शाळेच्या विहिरीमागे जाऊन आले, तिथे रायमुनियाची मोठी जाळी झाली आहे. आत्ता आठवीत असलेली मुलं जूनमध्ये नववीत जातील. पाऊस पडून माती मऊ झाली, की फळं काळी पडायच्या आत एका शनिवारी ती जाळी त्यांनी खणून काढायची. कुदळी मी आणेन, आजीलाही घेऊन येईन. पुढच्या पावसाळ्यात ही मुलं दहावीत असतील. तेव्हाही त्यांनीच यायचं, रोपं उपटायला. दहावी आहे म्हणून सूट कोणी मागू नये, पालकांनी तर मुळीच नाही. मुख्याध्यापिका बाईंनी होकार दिला आहे. तारीख जूनमध्ये फलकावर लागेल.