धृपद सगळ्यांनी धरावं



भोरमध्ये अध्यक्षपदावरून कॅथलिक भक्तिगीतांवर बोलायचं, तर सुरुवात चर्चपासून नव्हे, जात्यापासून करावी लागेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी याच पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांमधून बायकांच्या तोंडच्या ओव्या टिपायला सुरुवात केली आणि तो साठा पुढे लाखावर गेला. त्या ओव्यांत देव दळणकांडणात येतो, माहेरच्या आठवणीत येतो. आपल्या गीतांची नाळ मला तिथेच जुळलेली दिसते.

ओवीतच ख्रिस्तकथा रचणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, सुमारे ११ हजार ओव्यांचं. ती ग्रंथातली ओवी, जात्यावरची नव्हे. पण पुराण ऐकत वाढलेल्या कानांना ती परकी वाटली नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला, तरी लोकांच्या ओठांवरचं पुराण लगेच थोडंच पुसलं जातं!

माझं बालपण नगर जिल्ह्यातलं. मिस्सा, म्हणजे आमची उपासना, लॅटिनमध्ये, आम्ही हात जोडून गप्प. रात्री मात्र देवळाच्या ओट्यावर कंदील लागायचा, टाळ निघायचे, आणि जी माणसं सकाळी मुकी बसलेली असायची तीच घसा मोकळा सोडून गायची. ना. वा. टिळकांची पदंही असत. ती प्रॉटेस्टंट कवीची आहेत, हे कुणाच्या मनातही येत नसे. पुढे एक आजी बसायच्या. अक्षरओळख नव्हती, तरी ख्रिस्ताच्या दुःखसहनाची अख्खी कथा पाठ. ओळ उचलायच्या, शेवटचा शब्द लांबवून थांबायच्या आणि मान वळवून पाहायच्या: धृपद धरलं ना सगळ्यांनी? एखादा गप्प असला, तर तीच ओळ पुन्हा.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला. लोकभाषेला वाट मिळाली. लोकांच्या गायनाला उत्तेजन द्यावं, त्यांच्या संगीतपरंपरेचा मान राखावा, असंही त्यात आलं. ओट्यावरचं भजन वेदीपाशी आलं. पहिल्यांदा मराठीत अर्पणगीत झालं तेव्हा माझी आई रडत रडत गायली. तिला त्या दस्तऐवजाचं नावही ठाऊक नव्हतं.

आज कीबोर्ड आहे, मायक्रोफोन आहे, तयार ट्रॅक आहे. वाद्यांशी माझं भांडण नाही. पण गायनवृंद एवढा मोठ्याने गातो की बाकीची मंडळी पुन्हा श्रोते होऊन बसतात, आणि मला ते लॅटिनचे दिवस आठवतात. मिस्सेतलं गीत ही साऱ्या मंडळीची प्रार्थना आहे. ज्या चालीत शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला सूर मिसळता येत नाही, ती कितीही गोड असो, उपासनेत मला अपुरीच वाटते.

म्हणून एक मागणं आहे. प्रत्येक धर्मग्रामाने यंदा आपल्याकडच्या जुन्या गाणाऱ्यांना बसवून त्यांची गीतं ध्वनिमुद्रित करावीत. चाल कुठली, कुणाकडून आली, कोणत्या सणाला म्हणतात, हेही लिहून ठेवावं. शब्द पुस्तकात सापडतील, चाली फक्त त्यांच्या गळ्यात आहेत. आजच्या ठरावांत हे पहिलं कलम असावं, अशी माझी सूचना आहे.